लिनक्सवर नेटवर्क आपोआप जोडले जात नसेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नेटवर्कमॅनेजर ही सेवा वापरणाऱ्या लिनक्स संगणकांसाठी आहे. फेडोरा, उबुंटूची डेस्कटॉप आवृत्ती, लिनक्स मिंट, डेबियनचा ग्नोम डेस्कटॉप आणि ऑक्टोबर २०२३ पासूनची रास्पबेरी पाय ओएस यांत ही सेवा मुळातच असते. प्रश्न क्रमाने वाचण्याची गरज नाही, मात्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आधी वाचावे, कारण पुढची बहुतेक उत्तरे त्यावर उभी आहेत.

आज्ञा आणि फायलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करावीत. फक्त 'नेटवर्कमॅनेजर' या नावात एन आणि एम ही अक्षरे मोठी असतात. 'एनएमसीएलआय' ही आज्ञा त्या पाच अक्षरांचीच आहे. तिच्यापुढचे शब्द आठवत नसतील तर टॅबची कळ दोनदा दाबावी, म्हणजे पर्याय समोर येतात.

१. संगणक सुरू केल्यावर नेटवर्क 'आपोआप' जोडले जाते, तेव्हा आत नेमके काय घडते?

आधी कर्नल (लिनक्सचा गाभा) नेटवर्क कार्ड ओळखतो, त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) आणि गरज असल्यास फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) चढवतो, आणि कार्डाला 'ईएनपी३एस०' किंवा 'डब्ल्यूएलपी२एस०' असे नाव मिळते. त्यानंतर नेटवर्कमॅनेजर ते कार्ड आपल्या ताब्यात घेतो आणि त्याच्यासाठी साठवलेले प्रोफाइल, म्हणजे त्या जोडणीची माहिती, शोधतो. प्रोफाइल निवडले जाण्यासाठी त्यात 'ऑटोकनेक्ट' चालू असावे लागते, ते त्या कार्डाला लागू असावे लागते, वायफाय असेल तर त्या नावाचे नेटवर्क हवेत दिसावे लागते आणि पासवर्ड त्या क्षणी उपलब्ध असावा लागतो. मग राउटरशी ओळखपाळख होते, डीएचसीपीमार्फत (राउटरकडून पत्ता मागण्याची पद्धत) आयपी पत्ता मिळतो आणि शेवटी राउट (माहिती जाण्याचे मार्ग) व डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था) बसवले जातात.

यांतली कोणतीही एक पायरी अडली तरी बाहेरून लक्षण एकच दिसते: 'नेट लागत नाही'. म्हणूनच प्रोफाइल पुसणे, पॅकेज पुन्हा बसवणे किंवा सबंध प्रणालीच नव्याने टाकणे हे उपाय करण्याआधी कोणती पायरी अडली आहे हे ओळखावे. बहुतेक वेळा त्याला काही मिनिटेच लागतात आणि पुढचे अनेक तास वाचतात.

२. नेटवर्क जोडले गेले नाही तर सर्वांत आधी काय पाहावे?

टर्मिनलमध्ये 'एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस' ही आज्ञा द्यावी. प्रत्येक कार्डासमोर त्याची स्थिती दिसते आणि ती स्थितीच पुढची दिशा सांगते.

'अनमॅनेज्ड' दिसत असेल तर नेटवर्कमॅनेजरने ते कार्ड हाती घेतलेलेच नाही, त्यामुळे प्रोफाइलमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग होणार नाही. प्रश्न ९ पाहावा. 'अनअव्हेलेबल' याचा अर्थ कार्ड ताब्यात आहे पण वापरण्याच्या स्थितीत नाही: तारेच्या जोडणीत केबल सैल आहे किंवा पलीकडचे उपकरण बंद आहे, आणि वायफायमध्ये रेडिओ बंद आहे किंवा फर्मवेअर चढलेले नाही, प्रश्न ८ पाहावा. 'डिस्कनेक्टेड' याचा अर्थ कार्ड तयार आहे, पण लागू होणारे प्रोफाइल सापडले नाही किंवा ते रोखून धरलेले आहे. येथे प्रश्न ३, ४, १२ आणि १३ कामाचे आहेत. स्थिती 'कनेक्टिंग'वर बराच वेळ अडकत असेल तर पासवर्ड किंवा डीएचसीपी यांपैकी एकाची शंका घ्यावी. प्रश्न ५ आणि ७ पाहावेत. 'कनेक्टेड' असूनही संकेतस्थळे उघडत नसतील तर तो वेगळाच विषय आहे आणि त्याचे उत्तर प्रश्न १० मध्ये आहे. आणि कार्डाची ओळच यादीत नसेल, तर अडचण कर्नल, ड्रायव्हर किंवा हार्डवेअरच्या पातळीवर आहे.

दुसरी पायरी नोंदवही पाहण्याची. 'जर्नलसीटीएल -यू नेटवर्कमॅनेजर -बी' या आज्ञेने संगणक या वेळी सुरू झाल्यापासूनच्या नोंदी मिळतात. त्यांत 'स्टेट चेंज' असलेल्या ओळींच्या शेवटी 'रीझन' दिलेले असते, उदाहरणार्थ 'नो-सीक्रेट्स', 'एसएसआयडी-नॉट-फाउंड' किंवा 'आयपी-कॉन्फिग-अनअव्हेलेबल'. अडलेली पायरी त्या एका शब्दातून कळते.

३. मी एकदा स्वतःच 'डिस्कनेक्ट' केले होते. आता ते आपोआप जोडलेच जात नाही. हा दोष आहे का?

हा दोष नाही. वापरकर्त्याने मुद्दाम तोडलेली जोडणी पुढच्याच क्षणी पुन्हा जोडली गेली तर तोडण्याला अर्थच उरणार नाही, म्हणून नेटवर्कमॅनेजर ती इच्छा लक्षात ठेवतो. मात्र तोडण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे परिणाम वेगळे आहेत. 'एनएमसीएलआय कनेक्शन डाउन' या आज्ञेने फक्त ते एक प्रोफाइल रोखले जाते. कार्ड मोकळे राहते आणि दुसरे योग्य प्रोफाइल असेल तर ते लगेच जोडले जाऊ शकते. 'एनएमसीएलआय डिव्हाइस डिस्कनेक्ट' या आज्ञेने मात्र सबंध कार्डच स्वयंचलित जोडणीतून बाहेर जाते. दोन्ही बाबतींत प्रोफाइल एकदा हाताने जोडले किंवा संगणक पुन्हा सुरू केला की रोध उठतो.

दूरच्या संगणकावर एसएसएचमार्फत (नेटवर्कवरून टर्मिनल उघडून देणारी सोय) काम करणाऱ्यांनी हा फरक विशेष ध्यानात ठेवावा. ज्या कार्डावरून आपण आत आलो आहोत तेच तोडले, तर ते परत जोडण्यासाठी कोणाला तरी त्या संगणकापाशी जावे लागते.

४. वायफायचा पासवर्ड साठवलेला आहे, तरी प्रत्येक वेळी नेटवर्क हाताने निवडावे लागते. असे का?

पहिली शक्यता अगदी साधी आहे: प्रोफाइलमध्ये ऑटोकनेक्ट बंद आहे. सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कशेजारच्या दंतचक्रावर टिचकी मारून 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' ही खूण तपासावी. टर्मिनलमधून करायचे असल्यास 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय', त्यापुढे प्रोफाइलचे नाव, मग 'कनेक्शन.ऑटोकनेक्ट येस' असे लिहावे.

खूण असूनही लॉगिन होईपर्यंत जोडणी होत नसेल, तर कारण पासवर्ड कोठे साठवला आहे यात असते. 'पीएसके-फ्लॅग्ज' या गुणधर्माची किंमत ० असेल तर पासवर्ड प्रणालीच्या फायलीत असतो आणि कोणी लॉगिन केलेले नसतानाही वायफाय जोडले जाते. किंमत १ असेल तर पासवर्ड त्या वापरकर्त्याच्या कीरिंगमध्ये, केडीई डेस्कटॉपवर केवॉलेटमध्ये, असतो आणि ती तिजोरी उघडेपर्यंत नेटवर्कमॅनेजरला तो मिळत नाही. किंमत २ असेल तर तो साठवलाच जात नाही. ज्यांनी पासवर्डाशिवाय थेट डेस्कटॉप उघडण्याची सोय ठेवली आहे, त्यांच्याकडे कीरिंग कुलूपबंदच राहते आणि सुरुवातीलाच तिचा पासवर्ड मागणारी खिडकी येते, तीही याच कारणाने.

घरातल्या संगणकासाठी सुटसुटीत उपाय म्हणजे पासवर्ड सर्व वापरकर्त्यांसाठी साठवणे. जोडणीच्या संपादकात पासवर्डाच्या रकान्यातील छोट्या चिन्हावर टिचकी मारल्यावर तो पर्याय मिळतो. त्याचबरोबर 'कनेक्शन.परमिशन्स' हा गुणधर्म रिकामा आहे ना हेही पाहावे. त्यात एखाद्या वापरकर्त्याचे नाव असेल तर तो लॉगिन झाल्याशिवाय प्रोफाइल विचारातच घेतले जात नाही. अनेकजण वापरत असलेल्या लॅपटॉपवर मात्र असा बदल करण्याआधी विचार करावा, कारण प्रशासकाचे अधिकार असलेली कोणतीही व्यक्ती तो पासवर्ड वाचू शकते.

५. पासवर्ड बरोबर आहे, काल चाललाही होता, तरी तो पुन्हा का विचारला जातो?

जोडणीच्या वेळी संगणक आणि राउटर यांच्यात चार संदेशांची देवाणघेवाण होते. ती मध्येच तुटली तर पासवर्ड चुकीचा होता की सिग्नल क्षीण होता, हे संगणकाला खात्रीने कळत नाही, आणि नेटवर्कमॅनेजर बऱ्याचदा पासवर्डावर संशय घेऊन नवा मागतो. राउटर नुकताच चालू होत असेल, मध्ये जाड भिंत असेल किंवा एकाच वेळी बरीच उपकरणे जोडली जात असतील, तेव्हा हा अनुभव हमखास येतो.

अशा वेळी घाईने काहीतरी टाइप करू नये. चुकीचा पासवर्ड टाइप झाला तर तोच साठवला जाऊ शकतो आणि मग खरोखरच पासवर्डाची अडचण उभी राहते. खिडकी रद्द केली तर प्रोफाइल 'नो-सीक्रेट्स' या कारणाने रोखले जाऊ शकते. त्यामुळे रद्द करून, मिनिटभर थांबून नेटवर्क स्वतः निवडणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. पडदाच नसलेल्या संगणकावर, म्हणजे उदाहरणार्थ रास्पबेरी पायवर, ही खिडकी दाखवायला जागाच नसते. तेथे प्रोफाइल रोखले जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही. अशा यंत्रांना शक्य असेल तेथे तारेनेच जोडावे.

६. घरी दोन ओळखीची वायफाय नेटवर्क आहेत आणि संगणक नेमके नको ते निवडतो. क्रम कसा ठरवावा?

प्रत्येक प्रोफाइलला 'ऑटोकनेक्ट-प्रायॉरिटी' असते. तिची किंमत -९९९ ते ९९९ या दरम्यान ठेवता येते आणि मुळात ती ० असते. मोठी किंमत आधी निवडली जाते; किमती सारख्या असतील तर जे प्रोफाइल सर्वांत अलीकडे वापरले होते ते घेतले जाते. हव्या त्या नेटवर्कला १० दिले तरी पुरते.

एक मर्यादा मात्र आहे. हा क्रम जोडणी नसताना निवड करण्यापुरता आहे. कमी क्रमाच्या नेटवर्कवर आपण आधीच असू आणि नंतर जास्त क्रमाचे नेटवर्क दिसू लागले, तर नेटवर्कमॅनेजर चालू जोडणी तोडून तिकडे जात नाही.

७. वीज जाऊन परत आली की संगणक चालू होतो, पण नेटवर्क लागत नाही. पुन्हा चालू केल्यावर मात्र लागते. उपाय काय?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा सर्वांत नेमाने येतो आणि पावसाळ्यात तर अधिकच. यात संगणकाचा दोष नसतो. कोण आधी तयार होते, एवढाच मुद्दा असतो. वीज आल्यावर संगणक काही सेकंदांत उभा राहतो, पण फायबरचा मोडेम आणि राउटर यांना पूर्ण तयार व्हायला काही मिनिटे लागू शकतात. संगणक आणि राउटर यांच्यामध्ये स्वतंत्र स्विच असेल तर केबल 'चालू' दिसते, नेटवर्कमॅनेजर आयपी पत्ता मागतो, ४५ सेकंद वाट पाहतो आणि प्रयत्न फसल्याची नोंद करतो. असे चार प्रयत्न फसले की तो सुमारे पाच मिनिटे थांबतो आणि मगच पुन्हा प्रयत्न करतो. आपण त्या पाच मिनिटांत येऊन बसतो, बंद दिसले म्हणून संगणक पुन्हा चालू करतो, तोवर राउटर तयार झालेला असतो आणि 'रीस्टार्ट केल्यावर लागते' असा समज होतो.

उपाय प्रोफाइलमध्येच करता येतो. 'कनेक्शन.ऑटोकनेक्ट-रिट्राइज' याची किंमत ० करावी. येथे ० चा अर्थ 'कधीही न थांबता' असा आहे, 'एकदाही नको' असा नाही, आणि ही गोष्ट अनेकांना चकवते. त्याचबरोबर 'आयपीव्ही४.डीएचसीपी-टाइमआउट' वाढवून ३०० करावा. संगणक २४ तास चालू ठेवायचा असेल, उदाहरणार्थ दुकानातील बिलिंगचा संगणक किंवा कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा, तर हे दोन्ही बदल अवश्य करावेत. राउटर आणि मोडेम इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर ठेवणे हा त्याहून चांगला मार्ग आहे, कारण मग हा प्रश्न उद्भवतच नाही.

काही स्थानिक केबलचालक अजूनही पीपीपीओईचे (लॉगिन करून इंटरनेट जोडण्याची पद्धत) नाव आणि पासवर्ड देतात आणि काही घरांत ते थेट संगणकातच भरलेले असतात. तेथे वीज अचानक गेल्यावर पलीकडच्या बाजूला जुने सत्र काही काळ जिवंत राहते आणि एकाच वेळी दुसऱ्या लॉगिनला परवानगी नसेल तर ते नाकारले जाते. अशा ठिकाणी थांबणे हाच उपाय आहे, आणि रिट्राइज ० ठेवले असेल तर ते थांबणे संगणक आपल्या वतीने करतो. शक्य असल्यास ते लॉगिन राउटरमध्ये भरावे.

८. वायफाय 'अनअव्हेलेबल' दिसते किंवा वायफायचा पर्यायच नाहीसा झाला आहे. काय करावे?

प्रथम 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा द्यावी. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' समोर 'येस' असेल तर रेडिओ सॉफ्टवेअरने बंद केला आहे. 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' आणि 'एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑन' या आज्ञांनी तो चालू होतो. ही स्थिती संगणक बंद केल्यावरही लक्षात ठेवली जाते, त्यामुळे प्रवासात लावलेला विमान मोड घरी आल्यावरही कायम असू शकतो. 'हार्ड ब्लॉक्ड' समोर 'येस' असेल तर कोणतीही आज्ञा उपयोगी पडणार नाही. लॅपटॉपच्या कडेचे बटण, फंक्शन कळ किंवा बायोसमधील सेटिंग शोधावे.

रेडिओ मोकळा असेल तर 'डीमेसेज' या आज्ञेच्या (टाइप करताना 'डी', 'एम', 'ई', 'एस', 'जी') नोंदींत फर्मवेअर सापडले नाही अशी ओळ आहे का ते पाहावे. डेबियनने जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये समाविष्ट केले, पण त्याआधी बसवलेल्या संगणकांवर ते वेगळे घ्यावे लागते.

कर्नल अद्ययावत झाल्यानंतर वायफाय गेले असेल तर शंका ड्रायव्हरची घ्यावी. काही ब्रॉडकॉम आणि रिअलटेक कार्डांचे ड्रायव्हर कर्नलचा भाग नसतात. प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते पुन्हा घडवावे लागतात. त्या कर्नलची हेडर पॅकेजे नसतील तर ते घडत नाहीत, आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेले सॉफ्टवेअर चढू देणारी सोय) चालू असताना सही नसलेला ड्रायव्हर चढत नाही. सुरुवातीच्या ग्रब मेनूमधून जुना कर्नल निवडून पाहावा. त्यावर वायफाय चालले तर निदान पक्के झाले.

विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी बसवलेल्या संगणकांवर आणखी एक कारण असते. विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' संगणक पूर्णपणे बंद करत नाही आणि काही कार्डे लिनक्सला वापरता येणार नाहीत अशा अवस्थेत सोडून देते. विंडोजमध्ये ती सोय बंद करावी.

९. कार्ड 'अनमॅनेज्ड' दिसते. ते नेटवर्कमॅनेजरच्या ताब्यात कसे द्यावे?

त्या कार्डावर दुसऱ्या कोणाचा तरी हक्क आहे, असा याचा अर्थ. डेबियनवर 'इंटरफेसेस' या जुन्या फायलीत कार्डाचे नाव लिहिलेले असेल तर नेटवर्कमॅनेजर ते सोडून देतो. त्या कार्डाच्या ओळी काढून टाकून फक्त 'एलओ'ची (संगणकाची स्वतःशीच असलेली आभासी जोडणी) ओळ ठेवावी. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीवर नेटप्लॅन ही व्यवस्था कार्ड सिस्टमडी-नेटवर्कडी या दुसऱ्या नेटवर्क सेवेकडे सोपवते, म्हणून नंतर त्यावर डेस्कटॉप बसवला तरी तारेचे कार्ड 'अनमॅनेज्ड'च राहते. तेथे 'ईटीसी'मधील 'नेटप्लॅन' फोल्डरातील फायलीत 'रेंडरर' हे 'नेटवर्कमॅनेजर' करून 'नेटप्लॅन अप्लाय' ही आज्ञा द्यावी.

'एनएमसीएलआय डिव्हाइस सेट', कार्डाचे नाव, 'मॅनेज्ड येस' ही आज्ञा अनेक ठिकाणी सुचवली जाते. निदानासाठी ती उत्तम आहे, पण संगणक पुन्हा सुरू केल्यावर तिचा परिणाम उरत नाही.

एकाच कार्डावर दोन सेवा कधीही ठेवू नयेत. नेटवर्कमॅनेजर आणि डीएचसीपीसीडी (डीएचसीपीने पत्ता मिळवणारी दुसरी सेवा) दोघेही चालू असतील तर दोघे वेगवेगळे पत्ते आणि राउट बसवतात, आणि मग जोडणी कधी चालते, कधी नाही. अशा अडचणींचा माग काढणे फार अवघड जाते. रास्पबेरी पाय ओएसच्या जुन्या आवृत्तीवरून अद्ययावत केलेल्या संगणकांत ही सरमिसळ विशेष तपासावी.

१०. 'कनेक्टेड' दिसते, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही. ही स्वयंचलित जोडणीची अडचण आहे का?

बहुधा नाही, जोडणी झाली आहे, अडचण तिच्या पलीकडे आहे. 'आयपी ॲड्रेस' या आज्ञेत पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून पत्ता मिळालेलाच नाही. पत्ता ठीक असेल तर आधी १.१.१.१ या इंटरनेटवरील पत्त्याला पिंग करावे (उत्तर येते का ते पाहावे) आणि मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिले चालले आणि दुसरे अडले तर दोष डीएनएसचा आहे.

एक बारकावा येथे सांगणे आवश्यक आहे. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची जुनी आणि नवी पद्धत) यांपैकी एक जरी यशस्वी झाले तरी नेटवर्कमॅनेजर जोडणी झाली असे मानतो. राउटरकडून आयपीव्ही६ लगेच मिळाले आणि आयपीव्ही४ अडले, तर काही संकेतस्थळे उघडतात आणि काही उघडत नाहीत. 'आयपीव्ही४.मे-फेल' हे 'नो' केल्यास आयपीव्ही४ मिळाल्याशिवाय जोडणी पूर्ण मानली जात नाही.

हॉटेल, वसतिगृह किंवा रेल्वे स्थानकातील वायफायवर आधी लॉगिनचे पान भरावे लागते. ते आपोआप उघडले नाही तर ब्राउझरमध्ये एचटीटीपीने सुरू होणारा, म्हणजे कूटबद्ध नसलेला, कोणताही साधा पत्ता टाकून पाहावा.

११. केबल आणि वायफाय दोन्ही जोडलेली आहेत. संगणक कोणते वापरतो?

ज्याचा राउट मेट्रिक (मार्गाचे प्राधान्य ठरवणारा अंक) लहान ते. तारेच्या जोडणीचा मेट्रिक साधारणपणे १०० पासून आणि वायफायचा ६०० पासून सुरू होतो, म्हणून केबलला प्राधान्य मिळते. केबल फक्त प्रिंटरसाठी किंवा कार्यालयातील अंतर्गत सर्व्हरसाठी असेल आणि तिच्यावर इंटरनेट नसेल, तर त्या प्रोफाइलमध्ये 'आयपीव्ही४.नेव्हर-डिफॉल्ट येस' करावे; गरज पडल्यास आयपीव्ही६ साठीही तेच करावे.

१२. नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, आणि नेटवर्क लागेनासे झाले. या दोहोंचा काय संबंध?

'ईएनपी३एस०' यातील अंक कार्डाचे पीसीआय बसवरील स्थान सांगतो. नवे कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क बसवल्यावर हे क्रमांक सरकू शकतात आणि तेच नेटवर्क कार्ड 'ईएनपी४एस०' होते. प्रोफाइलमध्ये 'कनेक्शन.इंटरफेस-नेम' म्हणून जुने नाव बांधलेले असेल तर ते लागू होत नाही. तो गुणधर्म रिकामा करावा किंवा प्रोफाइल कार्डाच्या मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाला) बांधावे. डिस्क दुसऱ्या संगणकात हलवल्यावर किंवा आभासी यंत्राची प्रत काढल्यावर मात्र उलट घडते: मॅक पत्ता बदललेला असतो आणि त्याला बांधलेले प्रोफाइल निकामी होते.

याच्या जवळचा एक अपवाद आहे. तारेच्या कार्डासाठी नेटवर्कमॅनेजर स्वतःहून 'वायर्ड कनेक्शन १' तयार करतो. ते तुम्ही पुसले, तर त्या कार्डाची नोंद 'नो-ऑटो-डिफॉल्ट' या नावाने ठेवली जाते आणि तसे प्रोफाइल पुन्हा तयार होत नाही. अशा वेळी स्वतः नवे प्रोफाइल करावे.

१३. जुन्या संगणकातील प्रोफाइलच्या फायली नव्यात टाकल्या, पण त्या दिसतच नाहीत. का?

या फायली 'ईटीसी', त्यात 'नेटवर्कमॅनेजर', त्यात 'सिस्टम-कनेक्शन्स' या फोल्डरात असतात. त्यांची मालकी रूट या प्रशासक खात्याकडे आणि परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) नसेल तर नेटवर्कमॅनेजर त्या नाकारतो, कारण त्यांत पासवर्ड असतात. पेन ड्राइव्हवरून आणलेल्या फायलींची परवानगी हमखास बदललेली असते. ती दुरुस्त करून 'एनएमसीएलआय कनेक्शन रीलोड' करावे, आणि आत जुन्या कार्डाचे नाव किंवा मॅक पत्ता असल्यास प्रश्न १२ प्रमाणे बदलावा. उबुंटू २३.१० पासून डेस्कटॉपवरील प्रोफाइल नेटप्लॅनच्या फोल्डरात साठवली जातात, त्यामुळे तेथे जुन्या जागी शोधल्यास फोल्डर रिकामे दिसते.

१४. राउटर बदलला, नाव आणि पासवर्ड तोच ठेवला, तरी लॅपटॉप जोडला जात नाही. फोन मात्र जोडला जातो.

नाव तेच असले तरी बाकी बरेच बदललेले असू शकते. जुन्या प्रोफाइलमध्ये 'बीएसएसआयडी' (राउटरच्या रेडिओचा पत्ता) भरलेला असेल तर ते जुन्याच राउटरला शोधत राहते. नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) वापरत असेल तर डब्ल्यूपीए२ साठी केलेले प्रोफाइल काही वेळा चालत नाही आणि काही जुन्या कार्डांना डब्ल्यूपीए३ येतही नाही. राउटरमध्ये मिश्र पर्याय निवडावा. नाव लपवलेले असेल तर प्रोफाइलमध्ये 'हिडन येस' असावे लागते.

राउटर २.४ गिगाहर्ट्‌झच्या १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनेलवर असेल तर ते नेटवर्क लॅपटॉपला दिसतच नाही, असेही होते. भारतात हे चॅनेल वापरता येतात, पण कार्ड अमेरिकेच्या नियमांवर बसवलेले असेल तर ते तिकडे पाहत नाही. 'आयडब्ल्यू रेग गेट' या आज्ञेने देश तपासावा आणि राउटर १, ६ किंवा ११ यांपैकी एका चॅनेलवर आणावा.

१५. वसतिगृहात माझा मॅक पत्ता नोंदवलेला आहे, तरी अधूनमधून प्रवेश नाकारला जातो.

वापरकर्त्याचा माग काढता येऊ नये म्हणून नेटवर्कमॅनेजर खऱ्याऐवजी दुसरा मॅक पत्ता वापरू शकतो. फेडोराने एप्रिल २०२४ मधील चाळिसाव्या आवृत्तीपासून प्रत्येक वायफाय नेटवर्कसाठी वेगळा पण स्थिर पत्ता वापरण्यास सुरुवात केली, त्यामुळे आवृत्ती बदलताच नोंदवलेल्या पत्त्याशी मेळ बसेनासा होतो. त्या एका प्रोफाइलपुरते 'क्लोन्ड-मॅक-ॲड्रेस' हे 'परमनंट' करावे. इतर ठिकाणी ते बदलू नये. ही सोय आपल्या खासगीपणासाठी आहे.

१६. विद्यापीठातील एज्युरोम (शैक्षणिक संस्थांचे सामायिक वायफाय) आपोआप जोडले जावे यासाठी काय हवे?

भारतात एज्युरोमची व्यवस्था अर्नेट ही संस्था पाहते, पण खाते आणि प्रमाणपत्र (सर्व्हर खरा असल्याची खात्री देणारी फाइल) आपल्या संस्थेचे असते. वापरकर्तानावात संस्थेचे डोमेन असावे, प्रमाणपत्र संस्थेने दिलेलेच असावे आणि पासवर्ड प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे साठवलेला असावा. हाताने भरण्यापेक्षा एज्युरोमच्या कॅट या साधनातून आपल्या संस्थेचे लिनक्ससाठीचे स्क्रिप्ट घ्यावे. ते सर्व रकाने अचूक भरते. प्रमाणपत्राची तपासणी बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये, कारण मग त्याच नावाचे खोटे नेटवर्क उभारणारा कोणीही तुमच्या पासवर्डापर्यंत पोहोचू शकतो.

एप्रिल २०२२ मधील उबुंटू २२.०४ पासून ओपनएसएसएल या कूटबद्ध जोडणीच्या सॉफ्टवेअरची तिसरी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीचे सर्व्हर असलेल्या काही संस्थांत जोडणी बंद पडली. नोंदवहीत 'लेगसी रीनिगोशिएशन' हे शब्द दिसले तर सुधारणा संस्थेच्या सर्व्हरवर व्हायला हवी, म्हणून ती ओळ संगणक विभागाला पाठवावी.

जुन्या संगणकांत आणखी एक कारण सापडते. मदरबोर्डवरील बॅटरी संपली असेल तर घड्याळ अनेक वर्षे मागे जाते आणि प्रमाणपत्र 'अजून लागू झालेले नाही' असे ठरते. घड्याळ इंटरनेटवरून दुरुस्त होते, पण इंटरनेट घड्याळामुळे अडलेले असते. तारीख एकदा हाताने लावून बॅटरी बदलावी.

१७. व्हीपीएनही आपोआप जोडले जावे असे वाटते. ऑटोकनेक्ट चालू करूनही का होत नाही?

ओपनव्हीपीएनसारख्या व्हीपीएनला तो गुणधर्म लागूच होत नाही. त्याऐवजी मूळ वायफाय किंवा तारेच्या प्रोफाइलमध्ये 'कनेक्शन.सेकंडरीज' या जागी व्हीपीएनच्या प्रोफाइलचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) द्यावा लागतो, आणि व्हीपीएनचा पासवर्ड सर्व वापरकर्त्यांसाठी साठवावा लागतो. वायरगार्ड हे व्हीपीएन मात्र स्वतंत्र कार्डाप्रमाणे वागते, त्यामुळे त्याला नेहमीचे ऑटोकनेक्ट पुरते.

१८. काही वेळ काम केले नाही, किंवा लॅपटॉप झोपेतून उठला, की वायफाय तुटते.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. चालू असतानाच तुटत असेल तर वीजबचत तपासावी. उबुंटूवर नेटवर्कमॅनेजरच्या 'कॉन्फ.डी' फोल्डरातील फायलीत 'वायफाय.पॉवरसेव्ह' ३ असते. ते २ केल्यास वीजबचत बंद होते. झोपेतून उठल्यावरच तुटत असेल तर ड्रायव्हरचे मॉड्यूल काढून पुन्हा चढवून पाहावे. त्याने काम झाले तर नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये शोधत बसू नये. नवा कर्नल आणि नवे फर्मवेअर घ्यावे.

१९. संगणक सुरू होताना नेटवर्कसाठी एक-दोन मिनिटे अडकून राहतो. ते थांबवता येते का?

येते. नेटवर्कमॅनेजरची 'वेट-ऑनलाइन' सेवा जास्तीत जास्त ६० सेकंद थांबते, सिस्टमडी-नेटवर्कडीची १२० सेकंद. सुरुवातीलाच नेटवर्कवरील फोल्डर जोडायचे नसतील तर ती सेवा बंद करण्यास हरकत नाही. नेटप्लॅन वापरत असल्यास न वापरल्या जाणाऱ्या कार्डाला 'ऑप्शनल ट्रू' लिहावे. एनएफएसचे (दुसऱ्या संगणकावरचे) फोल्डर जोडत असाल तर 'एफएसटॅब' या फायलीत 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' द्यावे, म्हणजे ते पहिल्यांदा उघडतानाच जोडले जाते.

२०. इतके करूनही जमले नाही. मदत मागताना कोणती माहिती द्यावी?

लिनक्स वितरणाचे (फेडोरा, उबुंटू वगैरे) नाव आणि आवृत्ती, कर्नलची आवृत्ती, कार्डाचे अचूक नाव ('एलएसपीसीआय' किंवा 'एलएसयूएसबी' या आज्ञेतून), प्रश्न २ मधील स्थितीची ओळ आणि जोडणी फसल्याच्या क्षणाच्या आसपासच्या नोंदी द्याव्यात. नोंदी अपुऱ्या वाटल्यास 'एनएमसीएलआय जनरल लॉगिंग लेव्हल ट्रेस' करून प्रसंग पुन्हा घडवावा आणि नंतर पातळी 'इन्फो'वर आणावी. छायाचित्राऐवजी मजकूरच पाठवावा. पाठवण्याआधी त्यातील वायफायचे नाव, मॅक पत्ते आणि वापरकर्तानाव झाकावे. प्रोफाइलची मूळ फाइल तर कोणालाही पाठवू नये, कारण तिच्यात पासवर्ड साध्या अक्षरांत असू शकतो.